जगाचं संगीत नववीच्या वर्गात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत संगीत शिकवते. नववीला आठवड्यातून एक तास, तोही पस्तीस मिनिटांचा. वर्षाकाठी त्यातले दहा-बारा तास मी जगभरातलं संगीत ऐकवायला राखून ठेवते. त्यावर सहकारी शिक्षक, पालक आणि मुलं जे जे विचारतात ते इथे एकत्र मांडलं आहे.

'जागतिक संगीत' म्हणजे नेमकं काय?

हा शब्द दोन वाटांनी आला. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन या अभ्यासकाने तो रुजवला. ब्राउन स्वतः मृदंगम शिकलेले होते. जगातलं संगीत पुस्तकातून कळत नाही, त्या त्या परंपरेतल्या गुरूसमोर बसून ते हाताने आणि गळ्याने शिकावं लागतं, असा त्यांचा आग्रह होता. दुसरी वाट बाजाराची. १९८७ साली लंडनमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं एका पबमध्ये जमली. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या रेकॉर्ड दुकानात कुठल्या कप्प्यात ठेवायच्या हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्या कप्प्याला त्यांनी हेच नाव दिलं. तेव्हापासून माली, बल्गेरिया आणि पाकिस्तान एकाच फळीवर आहेत.

वर्गात मी हा शब्द जपून वापरते. मुलांना 'जागतिक' म्हणजे 'इतरांचं' असं वाटतं. आपलं ते संगीत आणि बाकीच्यांचं ते जागतिक संगीत! हा समज पहिल्याच तासाला मोडावा लागतो.

तो कसा मोडायचा? सुरुवात कुठून करता?

केसरबाई केरकरांपासून.

१९७७ साली नासाची व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सुटली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांमधले नमस्कार आहेत (मराठीतलाही आहे) आणि सुमारे दीड तासाचं, २७ तुकड्यांचं संगीत आहे. निवड करणाऱ्या समितीचे प्रमुख खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन होते. बाख, बेथोवन आणि चक बेरी यांच्याबरोबर जावातलं गामेलान, जॉर्जियातल्या पुरुषांचं समूहगान, जपानी बासरी आणि पेरूमधल्या मुलीचं लग्नगीत आहे. भारतातून एकच तुकडा आहे, साडेतीन मिनिटांचा. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकलेल्या केसरबाईंनी गायलेली भैरवी. रॉबर्ट ब्राउन यांनीच ती सुचवली होती. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला.

ही गोष्ट सांगितली की वर्ग ताठ बसतो. मग मी नासाची यादी फळ्यावर लिहिते, तिथे आहे तशीच: 'भारत, राग, जात कहाँ हो, सूरश्री केसरबाई केरकर'. दरवर्षी गाणं शिकणारं कुणीतरी मूल हात वर करतं. "बाई, पण कोणता राग?" यादीत ते नाहीच. नुसतं 'राग' एवढंच. मुलांना हे लागतं. एक मुलगा उसळून म्हणाला होता, "म्हणजे त्यांना सगळे राग सारखेच?"

मी त्या संतापावर पाणी टाकत नाही. तो तसाच ठेवून त्याच यादीतल्या आणखी दोन ओळी फळ्यावर लिहिते. 'सेनेगल, तालवाद्यं': प्रत्यक्षात ते वादन सेनेगलचं नाही, बेनिन देशातल्या माही लोकांचं आहे. 'अझरबैजान, बॅगपाइप': ते बॅगपाइप नाहीच, ते बालाबान आहे. सनईसारखी दुहेरी पत्ती असलेलं, पण आवाजाने कितीतरी मऊ असं लाकडी वाद्य. पृथ्वीची ओळख म्हणून पाठवलेल्या, इतक्या मायेने निवडलेल्या तबकडीच्या यादीतही एका लोकांचा देश चुकला, एका वाद्याचं नाव चुकलं आणि आपल्या रागाचं नाव गळलं. "बेनिनमधल्या नववीच्या मुलाला ही यादी बघून काय वाटेल?" एवढंच विचारते. उत्तर मुलांनी दोन मिनिटांपूर्वीच दिलेलं असतं.

'आंतरसांस्कृतिक संवेदनशीलता' हा फार मोठा शब्द झाला. वर्गात ती दिसते कशी?

मिल्टन बेनेट या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली तिच्या सहा पायऱ्या मांडल्या. वेगळेपण नाकारणं, त्याच्यापासून आपला बचाव करणं, ते पुसून टाकणं, मग स्वीकारणं, त्याच्याशी जुळवून घेणं आणि शेवटी ते आपल्यात सामावून घेणं. नाव न घेता मुलं या पायऱ्या बोलून दाखवतात. "हे काय संगीत आहे का?" ही पहिली. "आपल्या शास्त्रीय संगीतापुढे हे काहीच नाही" ही दुसरी. "शेवटी सगळं संगीत एकच" ही तिसरी.

माझा अनुभव असा की पहिल्या दोन पायऱ्यांवरून मुलं भराभर पुढे सरकतात. अडकतात ती तिसरीवर. आणि तिथे त्यांना अडकवणारे बहुतेक वेळा आपण मोठेच असतो.

पण संगीताला भाषा नसते, सूर सगळीकडे सारखेच, हे खरं नाही का?

हे वाक्य मीही अनेक वर्षं गॅदरिंगच्या सूत्रसंचालनात लिहून दिलं आहे. आता देत नाही, कारण ते खरं नाही आणि त्याने ऐकणं थांबतं.

जावाच्या गामेलानचं उदाहरण घ्या. कांस्याच्या घंटा, पट्ट्या आणि मोठमोठे गाँग यांचा तो एक संच असतो. त्यातल्या स्लेंद्रो नावाच्या स्वरव्यवस्थेत सप्तकाचे पाच भाग असतात आणि ते जवळपास सारख्या अंतराचे असतात. मी ते ऐकवते आणि पेटीवर जुळवायला सांगते. मुलं एकेक पट्टी दाबत जातात. एक स्वर जुळतो, दुसरा थोडा वर राहतो, तिसरा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी सापडतो. "बाई, हे बेसूर आहे," असं कुणीतरी म्हणतंच. मग मी सांगते की प्रत्येक गामेलान संच स्वतःशी जुळवलेला असतो. एका संचातलं वाद्य दुसऱ्या संचात नेऊन वाजवता येत नाही. म्हणजे बेसूर कोण, तो संच की आपली पेटी?

पेटीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते की ती युरोपातून आली, आणि तिच्यावर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधली बारीक अंतरं) सापडत नाहीत या कारणावरून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. ज्या पट्ट्यांनी आपण दुसऱ्याला बेसूर ठरवतो, त्याच पट्ट्यांना आपल्याच जाणकारांनी तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. हे ऐकून वर्ग शांत होतो. तेवढी शांतता मला हवी असते.

सूर वेगळे आहेत, एकत्र गाण्याची रीत वेगळी आहे, 'छान' कशाला म्हणायचं हेही वेगळं आहे. जॉर्जियातले पुरुष तीन वेगवेगळ्या ओळी एकदम गातात. आपल्याकडे एकच ओळ आणि मागे तंबोरा. मात्र गोव्यात जा, तिथली मांडो ही कोकणी गाणी दोन वेगळ्या सुरांत एकदम गातात, चर्चमधून आलेल्या रीतीने. वेगळेपण कधी कधी बसने एका रात्रीच्या अंतरावर असतं.

मुलं हसतात. अशा वेळी काय करायचं?

रागावू नका. चौदा वर्षांचं मूल अनोळखी आवाजाला हसतं, त्यात दुष्टावा नसतो. काँगोतल्या इतुरीच्या जंगलातल्या म्बुटी मुलींचं गाणं एका मिनिटापेक्षाही लहान आहे. तुटक तुटक आवाज एकमेकांत विणलेले. पहिल्यांदा लावलं की मागच्या बाकावर खसखस पिकते. मी गाणं बंद करत नाही. संपल्यावर एवढंच सांगते की या मुली वयात आल्या त्या सोहळ्याचं हे गाणं आहे, आणि त्या जवळपास तुमच्याच वयाच्या आहेत. मग पुन्हा लावते.

दुसरा उपाय जास्त चालतो. एखाद्या नाट्यपदातली लांब तान लावायची आणि सांगायचं, "तुम्ही आयुष्यात असलं काही ऐकलेलं नाही असं समजून चार ओळी लिहा." एका मुलीने लिहिलं होतं: 'ही बाई एक शब्द धरून ठेवते आणि सोडत नाही, तिला काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय.' तिची आजी त्याच पदांवर जीव टाकणारी. तिने घरी जाऊन आजीला वाचून दाखवलं आणि दोघी रात्री उशिरापर्यंत रेकॉर्ड ऐकत बसल्या.

कोणती गाणी वाजवू नयेत?

चांगला प्रश्न आहे, आणि फार कमी जण तो विचारतात. व्हॉयेजरच्या तबकडीवर अमेरिकेतल्या नवाहो लोकांच्या रात्रगीताचा एक तुकडा आहे. तो एका उपचारविधीचा भाग आहे. तो विधी नऊ रात्री चालतो आणि फक्त थंडीच्या दिवसांत करायचा असतो. जून महिन्यात, पंख्याखाली, हजेरी घेता घेता तो लावणं मला पटत नाही. मी त्याबद्दल सांगते, ऐकवत नाही. मुलांना कारण लगेच कळतं, कारण त्यांच्या घरी गोंधळ घातला जातो. संबळ, दिवटी, चौक भरलेला, देवीला बोलावलेलं. तो गोंधळ कुणी दुपारी मॉलमध्ये 'फन अॅक्टिव्हिटी' म्हणून लावला तर कसं वाटेल हे वेगळं समजावावं लागत नाही.

याउलट असंही आहे की गामेलानच्या वाद्यांवरून कुणी ओलांडून जात नाही, वादक चपला काढून बसतात. हे सांगितलं की मुलं आपोआप तबल्याकडे बघतात. तबल्याला पाय लागला तर हात लावून नमस्कार करणारी हीच मुलं. इथे दोन संस्कृतींचं खरोखर एक निघतं, आणि ते मुलांना स्वतः सापडू द्यावं.

गॅदरिंगला 'आफ्रिकन डान्स' किंवा 'आदिवासी नृत्य' बसवायचं आहे. हरकत आहे का?

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या चुकीतून मिळालं, म्हणून ते लांब आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, मी असंच नृत्य बसवलं होतं. अंगाला काळा रंग, कंबरेला कागदी पानं, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि शब्द नसलेल्या आरोळ्या. टाळ्या भरपूर पडल्या. नंतर कपडे बदलायच्या खोलीत मी मुलींच्या हातापायाचा रंग खोबरेल लावून कापसाने पुसत होते. एका मुलीचा हात माझ्या हातात होता. ती जव्हारकडची, वारली. ती हळूच म्हणाली, "बाई, आमच्याकडे असं कुणी नाचत नाही." मी विचारलं, मग कसं नाचतात? तिने सांगितलं. मध्ये तारपावाला. वाळवलेल्या भोपळ्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं ते वाद्य, हातभरापेक्षा मोठं. त्याच्याभोवती कंबरेत हात घालून नाचणाऱ्यांची साखळी फिरते, आणि तारप्याकडे पाठ करायची नसते. नवं भात आलं की हे सुरू होतं. सांगताना तिचे पाय जागच्या जागी हलत होते. आणि मी तिला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं, पुठ्ठ्याचा भाला देऊन.

म्हणून आता माझे नियम साधे आहेत. त्वचेला रंग लावायचा नाही. खोट्या भाषेत गायचं नाही. 'आफ्रिकन' नावाचं नृत्य नसतं, देश आणि लोक सांगा. आणि ज्यांचं नृत्य आहे त्यांच्यापैकी कुणीतरी शिकवणार असेल तरच ते रंगमंचावर आणा. शिकवणारं कुणी मिळत नसेल तर दुसरं काहीतरी बसवा. कार्यक्रम अडत नाही.

आमच्या शाळेत साधनं नाहीत. कसं करायचं?

मोबाइल आणि एक बऱ्यापैकी स्पीकर पुरतो. बाकी टाळ्या.

बाली बेटावर एक धून दोघांत वाटून घेतात, एकाच्या मोकळ्या जागी दुसरा वाजवतो. त्याला कोटेकान म्हणतात. झिंबाब्वेचं म्बिरा वाद्यही असंच, एक वादक धून मांडतो, दुसरा तिच्या फटींतून गुंफत जातो. मी वर्गात याची सोपी आवृत्ती करते. आठ मात्रा, लय सावकाश. एक रांग १, ३, ४, ६ वर टाळी देते, दुसरी २, ५, ७, ८ वर. नीट जमलं की अखंड पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, आणि यातली माझी टाळी कुठली ते कुणालाच वेगळं ऐकू येत नाही. ढोल-ताशा पथकातली पोरं इथे सुरुवातीला चुकतात. त्यांना समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, जोर द्यायची सवय असते आणि इथे सम कधी कधी शेजाऱ्याकडे असते.

आपलंच संगीत मुलांना येत नाही, मग बाहेरचं कशाला?

पालकसभेत हमखास येणारा प्रश्न, आणि त्यामागची काळजी खरी आहे. माझं उत्तर एका गाण्यात आहे.

पेरूच्या डोंगराळ भागातल्या मुलीचं ते लग्नगीत अवघं अडतीस सेकंदांचं आहे. ऐकायला गोड. पण ती त्यात तक्रार करते आहे, फार लहान वयात लग्न लावून दिल्याची. अर्थ सांगितला की मुलींचे चेहरे बदलतात. त्यानंतर मी जात्यावरच्या ओव्या लावते. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट ऐकता येतात. सासुरवास, माहेरची वाट, लहानपणी झालेलं लग्न. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी जातं पाहिलेलं नसतं. पेरूच्या मुलीने त्यांना आजीच्या जात्यापाशी आणून बसवलं, हे मी दरवर्षी बघते. एकाने पुढच्या तासाला पणजीच्या दोन ओव्या आजीकडून लिहून आणल्या होत्या, रेशनच्या पावतीच्या मागे.

'आपलं' म्हणतो तेही कुठे एका जागी बसलं आहे? कोकणची जाखडी मॉरिशसला गेली, तिथले मराठी लोक आजही 'झाकरी' म्हणून ती नाचतात. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी एकोणिसाव्या शतकात बायबलच्या कथांवर मराठीत कीर्तनं केली.

परदेशी विद्यार्थ्याला किंवा कलाकाराला वर्गात बोलवावं का?

जरूर. पण मानधन द्या, आणि नाचून दाखवा म्हणू नका. पुण्यात आफ्रिकेतल्या अनेक देशांचे विद्यार्थी शिकतात. त्यातला इंजिनीअरिंगचा मुलगा ढोल वाजवत असेलच असं नाही, जसा आपला अमेरिकेतला भाऊ लावणी नाचत नाही. "घरी आई कोणतं गाणं गुणगुणते?" हा प्रश्न चांगला चालतो.

आणि आफ्रिकन चेहरा दिसला की 'परदेशी' म्हणू नका, हेही मुलांना सांगा. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी रायगडचेच आहेत. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळचे सिद्दी कोकणी बोलतात आणि दमाम नावाचा ढोल वाजवतात. गुजरातेतल्या सिद्दींकडे मलुंगा हे धनुष्यासारखं वाद्य आहे. ही सगळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथली आहेत.

मुलं या धुनांवर रील करतात. चालेल?

आधी त्यांना सॉलोमन लिंडाची गोष्ट सांगा. दक्षिण आफ्रिकेतल्या या गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये 'म्बुबे' हे गाणं रेकॉर्ड केलं. सिंहाच्या सिनेमामुळे ती धून तुमच्या मुलांनाही पाठ असते. जगभर तिच्यावर अमाप पैसा मिळाला. लिंडा १९६२ साली गरिबीतच गेला, आणि त्याच्या मुलींना तडजोडीत हक्काचं काही मिळायला २००६ साल उजाडलं. मी हे सांगितल्यापासून आमची मुलं रीलखाली मूळ गायकाचं नाव लिहितात. न सापडलं तर तसं लिहितात.

धार्मिक गाण्यांचं काय?

ऐकवा, समजावून सांगा, पण कुणालाही ती म्हणायला किंवा हात जोडायला लावू नका. राज्यघटनेच्या २८व्या कलमाचा आशय हाच आहे. पालकांना आधी चिठ्ठी पाठवली तर सहसा तक्रार येत नाही.

याने खरंच काही फरक पडतो का?

पोर्तुगालमधला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहावीच्या काही मुलांना सहा महिने पोर्तुगीज गाण्यांबरोबर केप व्हर्दे या आफ्रिकी बेटांची गाणी शिकवली, बाकीच्यांना नेहमीचं संगीत शिकवलं. पहिल्या गटात काळ्या वर्णाच्या लोकांविषयीचा पूर्वग्रह कमी झाला आणि दोन वर्षांनी पाहिलं तेव्हाही तो कमीच होता. यातले सहा महिने महत्त्वाचे आहेत. 'जागतिक संगीत दिन' म्हणून एक दिवस साजरा करून हे होणार नाही.

मग मार्क कशाचे द्यायचे?

मी गाण्याचे देत नाही, वहीचे देते. प्रत्येक तुकड्यासाठी एक पान. कोण गातं, कुठे, कधी, कुणासाठी, आणि शेवटचा रकाना 'मला अजून माहीत नाही'. जूनमध्ये हा शेवटचा रकाना बहुतेक मुलं रिकामा सोडतात. फेब्रुवारीत सगळ्यात जास्त शाई तिथेच असते. गेल्या वर्षी एका मुलाने बालाबानच्या पानावर लिहिलं होतं: 'वाजवणाऱ्याचं नाव कामिल जलिलोव. हे वाद्य त्यांना कुणी शिकवलं?' त्या पानाला मी पैकीच्या पैकी दिले, आणि उत्तर आम्ही दोघं अजून शोधतो आहोत.